उचलण्यापुरते बळ

मी जन्माचाच काटकुळा. आमचे घराणे ढिवराचे. वडील गावच्या तलावात आणि पावसाळा ओसरला की वैनगंगेत जाळे टाकत. ओले जाळे ओढायला त्यांना जोडीला माणूस लागे, पण त्या कामात माझा काही उपयोग नव्हता. मी जाळे ओढण्याऐवजी जाळेच मला पाण्यात ओढून नेई. अंगात जोर यावा म्हणून वडिलांनी मला आखाड्यात घातले. काही महिने मी मातीत लोळलो, दंडावर जरा मांस दिसू लागले, आणि त्याच पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. त्यातून उठलो तेव्हा आई म्हणाली, आता याले आखाडा नको, शाळाच बरी. तसा मी शिकलो, नॉर्मल स्कूल करून मास्तर झालो. चाळिशी ओलांडेपर्यंत खडू आणि छडी यांहून जड काही उचलायची माझ्यावर वेळ आली नाही.

कारण जड ते सगळे माझी बायको उचलायची. ती नदीकाठच्या गावची. लहानपणापासून डोंगा वल्हवलेली, खांदे रुंद, पावले पसरट आणि घट्ट. आम्हाला मूलबाळ नव्हते. माझी नोकरी ब्रह्मपुरीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका तलावाच्या गावी होती. तिथे ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे हंडे घेऊन विहिरीवरून यायची आणि वाटेत मी भेटलो तर हसून म्हणायची, "बाजूले व्हा, धक्का लागला तं उडून जासान." मला त्याचा कधी राग आला नाही. खरे तर बरेच वाटायचे.

आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिच्या माहेरी तिच्या धाकट्या भावाचे लग्न होते. लग्न उरकून आम्ही बंडीने परत येत होतो. ती मागे सामानावर बसली होती आणि मी पाय मोकळे करायला म्हणून चालत होतो. एका कोरड्या नाल्यात उतरताना बैल कशाला तरी बुजले. एक चाक दगडावर चढले आणि बंडी उलटली. ती पाठीवर पडली, खाली दगड होता. मी धावत गेलो तर ती शुद्धीत होती. म्हणाली, "मले काई नाई झालं, फक्त पाय कुठी गेले तेवढं पाहा."

पाय जागेवरच होते. पण तिला ते जाणवत नव्हते.

चांद्याच्या सरकारी दवाखान्यात ती बरेच दिवस होती. डॉक्टर भले होते. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले की कण्याला मार बसला आहे, कमरेखाली आता काही परत येणार नाही. तिला सारखे कुशीवर वळवत राहा, पाठ कोरडी ठेवा, जखम होऊ देऊ नका, एवढे जपले तर पुष्कळ दिवस जगेल. मी मान हलवत राहिलो. तिच्या भावाने तिला दवाखान्याच्या पायऱ्यांवरून उचलून खाली आणले. नवे लग्न झालेला, नदीवर काम केलेला गडी तो. आपल्या बहिणीला त्याने लहान पोरासारखे हातावर घेतले. ती त्याच्या मानेत तोंड घालून रडत होती आणि तो तिला म्हणत होता, "बाई, काऊन रडतेस? लहानपणी तूच मले वागवलं नं कडेवर? आता मी वागवतो."

तो आमच्या घरी मृग लागेपर्यंत राहिला. रोज तिला खाटेवरून उचलून परसात न्यायचा, न्हाणीत न्यायचा, संध्याकाळी अंगणात आणून बसवायचा. पण नदीला पाणी चढले की त्याच्या गावची वाट बंद होते आणि तिकडे नवी नवरी आणि म्हातारी आई. त्याला जावे लागले. जाताना त्याने माझ्या दंडाकडे पाहिले आणि पिशवी खांद्याला लावली.

तो गेल्यावर शेजारच्या दोघी बायका चादरीत घालून तिला न्यायच्या. चादरीची टोके धरायची आणि ओढत, ठेचकाळत न्यायचे. त्यांना शेतावर जायची घाई असे. बायकोला या प्रकाराची फार लाज वाटे. एकदा सकाळी त्या दोघी धानाच्या रोवणीसाठी लवकर गेल्या, पाऊस झड लावून बसला होता आणि तिला परसात जायचे होते. मी म्हटले, मी नेतो. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि हात माझ्या गळ्यात टाकले. मी तिला खाटेवरून उचलले. दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलोसुद्धा. तिथे माझे गुडघे लटपटले आणि आम्ही दोघेही ओसरीवर पडलो. मी खाली, ती वर.

"लागलं का वो तुमाले?" तिने विचारले.

"नाही. तुला?"

"मी हाडकावर पडली नं. मलेच लागलं असन," ती म्हणाली आणि हसू लागली. मीही हसलो. मग तिचे हसणे कुठल्या क्षणी रडण्यात गेले ते मला समजले नाही. तिचे लुगडे ओले झाले होते. ते पावसाने झाले नव्हते. मी तिला तिथेच पुसले, बदलले, आणि शेजारची बाई परत येईपर्यंत आम्ही ओसरीवर तसेच पडून पाऊस पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आखाड्यात गेलो.

आखाडा तलावाच्या पाळीखाली, मारुतीच्या देवळाला लागून होता. वर कवेलूचे छप्पर, मध्ये मातीचा हौद, कोपऱ्यात मुद्गल. वस्ताद साठीकडे झुकलेले, धानाची थोडी शेती करणारे होते. तरुणपणी नागपुरापर्यंत कुस्त्या खेळून आलेले. कान मोडलेले, आवाज मात्र बारीक. मला लंगोटावर पाहून आधी त्यांना मी कोण ते ओळखूच आले नाही.

"का जी गुरुजी, तुमी इथी? काऊन?"

"अंग कमवायचं आहे."

आजूबाजूची पोरे तोंड फिरवून हसली. त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली होती. वस्तादांनी त्यांना दटावले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या वयात कुस्ती नाई होनार, गुरुजी."

"कुस्ती नको. मला एक माणूस उचलता आलं पाहिजे."

गावात कुणाच्या घरी काय आहे हे सगळ्यांना माहीत असते. वस्तादांनी मला फावडे दिले आणि हौदातली माती खणायला सांगितली. पहिले काही दिवस मी फक्त माती खणली. पावसाची ओल धरलेली ती माती फावड्याला चिकटून बसायची. हातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. मग बैठका सुरू झाल्या. बैठकांनंतर माझ्या मांड्या अशा धरल्या की शाळेच्या पायऱ्या मी कठड्याला धरून, आडवा होऊन उतरायचो. परसाकडे बसायचीही पंचाईत झाली. खुर्चीवरून उठताना तोंडातून आवाज निघे आणि पहिलीची मुले तो आवाज काढून दाखवत.

घरी बायकोला मी काही सांगितले नव्हते. पण अंगाला तेलाचा आणि मातीचा वास. तिने पहिल्याच दिवशी ओळखले.

"आखाड्यात जाऊन राह्यले का तुमी?"

"हो."

"माह्यासाठी?"

मी म्हटले, लहानपणी अर्धवट राहिले होते म्हणून. तिने ते खरे मानल्यासारखे केले. त्यानंतर रोज मी आखाड्यातून आलो की ती मला खाटेजवळ बसवून माझ्या दंडाला हात लावून पाहायची. बोटांनी चिमटा घेऊन म्हणायची, "आज जरा हाय." किंवा, "आज काई नाई, कालचंच हाय." वस्तादांनी दूध प्यायला सांगितले होते, भिजवलेले चणे खायला सांगितले होते. घरी एकच गाय होती, तिचे दूध थोडके. बायको म्हणायची, सगळे तुमीच प्या, मले पडल्यापडल्या दूध पचत नाई. मीही पीत गेलो.

बैठकांनंतर वस्तादांनी मला धानाचे पोते उचलायला लावले. आधी तळाला थोडे धान, मग अर्धे पोते, मग त्याहून जास्त. "कमरेनं उचलू नोका गुरुजी, मांडीनं उचला. पोत्याले छातीशी धरा. धान म्हून धरू नोका, मानूस म्हून धरा," असे ते सांगत. पोते छातीशी धरून मी पाळ चढायचो आणि उतरायचो. पोरे आता हसत नव्हती. एखादा माझ्या मागून यायचा, पडलो तर असावा म्हणून.

पोळा झाला, गणपती झाले. भाद्रपदात मी पहिल्यांदा बायकोला पुन्हा उचलले. मनातून घाबरलो होतो. तिने गळ्यात हात टाकले, मी मांड्यांवर जोर दिला आणि ती वर आली. अगदी सहज. उंबरा ओलांडला, ओसरी उतरलो, परसापर्यंत गेलो. धाप लागली, पण पाय हलले नाहीत. "आले की वो!" ती माझ्या कानाशी म्हणाली. त्या दिवसापासून चादर बंद झाली. शेजारच्या बायकांचे उपकार मानून मी त्यांना त्या कामातून मोकळे केले. आठवड्या-आठवड्याला मला ती आणखी सोपी वाटू लागली. शर्ट खांद्यात तंग झाले. आरशात पाहायची मला कधी सवय नव्हती, पण त्या दिवसांत मी चोरून पाहत असे. बेचाळीस वर्षांच्या माणसाला आपला दंड पाहून आनंद व्हावा, यात मला काही वावगे वाटले नाही. आमच्या घरात त्या वर्षी आनंदाचे दुसरे काही नव्हतेच.

दसऱ्याला तिने तलाव पाहायचा हट्ट धरला. घरापासून तलाव फार लांब नव्हता, पण मध्ये पाळीचा चढ. मी तिला उचलून नेले. वाटेत लोक ओट्यांवरून उठून पाहत होते. ती लाजून डोळे मिटून होती. वर पोचलो तेव्हा म्हणाली, "आता सोडा, पाण्यात सोडा." मी तिला काठावर बसवले आणि तिचे पाय पाण्यात ठेवले. तलावात कमळे होती, पलीकडे जंगलाची काळी रेघ. धुणे धुणाऱ्या बायका कपडे टाकून तिच्याभोवती जमल्या. तिचे केस सोडून त्यांनी धुतले. तिच्या पायांना थंड पाणी कळत नव्हते. ती वाकून हातानेच पाणी पायांवर घालत होती आणि बायकांना सांगत होती, आमच्या नदीचे पाणी यापेक्षा गोड असते म्हणून. घरी येताना ती माझ्या छातीवर झोपून गेली. मला वाटले, मी आता काहीही करू शकतो. तिला तिच्या माहेरापर्यंतसुद्धा असेच घेऊन जाईन.

दिवाळीला वाट मोकळी झाली आणि तिचा भाऊ आला. येताना वाळवलेले मासे आणि नव्या धानाचे पोहे घेऊन आला. ओसरीवर पाय धुऊन सरळ आत गेला आणि म्हणाला, "चल बाई, तुले अंगनात नेतो, भाऊबीज अंगनात करू." मी कौतुकाने दारात उभा होतो. त्याला दाखवायचे होते की आता त्याची गरज नाही, पण पहिला मान त्याचा म्हणून गप्प राहिलो. त्याने खाली वाकून तिला उचलले.

आणि तो तसाच उभा राहिला. जेवढा जोर त्याने लावला होता तेवढ्या जोराची गरज नव्हती. ती जवळजवळ उडाल्यासारखी त्याच्या छातीवर आली होती. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "हे का झालं? माही बहीण कुठी गेली?"

तो तिला घेऊन अंगणात गेला नाही. पुन्हा खाटेवर ठेवले, तिच्यावरची गोधडी बाजूला केली, तिचे मनगट हातात धरले. तेवढ्यात शेजारची बाई फराळ घेऊन आली होती. ती हे सगळे पाहून दारातच रडायला लागली. मी शाळेत असताना दुपारी तीच बायकोला जेवू घालायची.

"म्या सांगतलं होतं तिले, नोको करू अशी," ती म्हणाली. "मले शपथ घातली. भात माह्या कोंबड्याइले टाकाले लावे. दोन घास खाये अन् पानी तं पेतच नोती."

भाऊ भिंतीशी जाऊन बसला. शेजारीण निघून गेली. मी खाटेजवळ बसलो. बायको छताकडे पाहत होती.

"का केलंस असं?"

"तुमाले जड होत होती नं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी ओसरीवर पडलो नं आपन. तुमचं डोकं आपटलं होतं. तुमी सांगतलं नाई, पन मले दिसलं."

"मी आखाड्यात कशाला जात होतो मग?"

"ते मालूम हाय. पन तुमाले वेळ लागला असता नं. अन् मंग तुमी मले उचललं, तुमी इतके खुश झाले. मले वाटलं, खाल्लं तं पुना जड होईन."

मग मी जे विचारू नये ते विचारले. "ताकद आलीच नव्हती का मला?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तिचा हात माझ्या दंडावर आला, रोजच्यासारखा. "आली होती," ती म्हणाली. "थोडीशी आली होती."

तिचा भाऊ परत गेला नाही. पहाटे तलावावर जाऊन गळ टाकायचा, मरळ धरून आणायचा आणि स्वतः रस्सा करून तिला घास घास भरवायचा. दोघे भांडायचे. "खा बाई, नाई तं मी जेवनार नाई," तो म्हणायचा, आणि ती त्याच्यासाठी खायची. माझ्यासाठीही खायची. गालांवर थोडे मांस आले. मी तिला उचलायचो तेव्हा ती विचारायची, "आज जड हाव का?" आणि मी म्हणायचो, हो, आज फार जड आहेस. कधी ते खरे असायचे. तेव्हा मला वाटायचे, हे असेच वाढत जावे, मला ती उचलता येऊ नये इतकी जड व्हावी.

पण आतून शरीर खचले होते. पौषाच्या थंडीत तिच्या पाठीवर, खाली माकडहाडाजवळ जखम झाली. आम्ही तिला तासातासाला वळवत होतो, राख आणि कापूस आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लावत होतो. जखम भरली नाही. मग ताप येऊ लागला. बंडीत धानाचे मऊ तणस अंथरून तिला चांद्याला न्यायचे ठरले. बैल जुंपेपर्यंत तिने मला थांबवले आणि म्हणाली, "बंडीत नोको. बंडीत मले भेव वाटते." आम्ही तिला नेले नाही. ती माघात, सकाळी, ऊन खाटेवर येत असताना गेली. भाऊ तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. मी दूध तापवत होतो.

तिला खाली घ्यायला गावातली माणसे पुढे आली. वस्तादही आले होते. त्यांनी सगळ्यांना बाजूला केले आणि मला म्हणाले, "गुरुजी, तुमीच घ्या." मी तिला खाटेवरून उचलून अंगणात आणले. काही बायका मोठ्याने रडत होत्या. मला रडू आले नाही. मी फक्त मांड्यांवर जोर देऊन, सांगितल्याप्रमाणे छातीशी धरून चाललो. अंगणात तिला ठेवल्यावर माझे हात वरच राहिले, ते खाली येईनात. भावाने ते धरून खाली केले.

त्यानंतर मी आखाड्यात गेलो नाही. वस्ताद एकदोनदा ओसरीवर येऊन बसले, इकडचे तिकडचे बोलले आणि गेले. पहाटे मात्र मला जाग यायची. अंगाला सवय झाली होती. मांड्या आपोआप ताठायच्या, भूक लागायची. त्या भुकेचा मला राग येत असे.

पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली. मला सिरोंच्याकडे पाठवले, अगदी खाली, प्राणहितेच्या काठी. तिथे लोक तेलुगू बोलत आणि मला कोणी ओळखत नव्हते. शाळेत दुसरे एक मास्तर होते, तिथलेच. पहिल्या दिवशी मी घामाने भिजलेला शर्ट काढून खुंटीला लावला तेव्हा ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही पहिलवान होता काय, गुरुजी?" त्यांनी त्यांच्या अडखळत्या मराठीत विचारले.

"नाही," मी म्हटले. "घरी काम असायचं."

"शेतीचं काम?"

बाहेर मुले पाटीवरची अक्षरे मोठ्याने म्हणत होती. मी हो म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि मला बसायला स्टूल दिले.